मानटाकी

लेक ब्रिस्बेनला नोकरीला गेली आणि आमच्या ह्यांना ऑर्किडचं वेड लागलं. आता लातुरात, जिथं नळाला पाणी आलं की शेजारणी एकमेकींना हाका मारून उठवतात, तिथं ऑर्किड! मी म्हटलं, "अहो, इथं तुळस जगवताना नाकी नऊ येतात." पण निवृत्त मास्तरांना कोण सांगणार? आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं, आता ते माझ्या वाट्याला आलं.

बरं, झाडाला लटकणारं ऑर्किडही नाही. जमिनीत वाढणारं, ऑस्ट्रेलियाच्या रानातलं. लेकीला तिकडून पाठवता येईना, मग ह्यांनी कुठल्याशा नर्सरीतून कुरिअरनं मागवलं. खोक्यातून निघालं काय, तर आल्याच्या तुकड्यासारखा एक गड्डा! वर लेबल, 'ऑस्ट्रेलियन ऑर्किड'. नेमकं कुठलं, ते म्हणे फूल आल्यावरच ओळखता येतं. मी म्हटलं, "तोवर चहात टाकून बघू का?" ह्यांनी गड्डा माझ्या हातून काढूनच घेतला.

गड्ड्याला पानं आली, थंडीत वाळून गेली, आणि सबंध उन्हाळा हे रिकाम्या कुंडीची राखण करत बसले. शेजारीण विचारायची, "सर काय बघायलेत ओ?" मी सांगायची, "जावई यायचाय." पण ते काय बघत होते ते मला ठाऊक होतं. लेक गेल्यापासून हा माणूस जेवताना ताटातून मान वर करत नव्हता. तिकडचं काहीतरी आपल्या मातीत जगलं, तर आपलंही तिकडं जगेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मास्तरांचं विज्ञान हे असं!

आषाढात कोंब फुटला. निऱ्या घातल्यासारखी पानं आली, शेजारून एक दांडा निघाला, टोकाला कळ्यांचा घोस. ह्यांनी पेढे आणले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, दांड्यानं मान टाकलेली.

ह्यांचा चेहराच उतरला. तांब्याभर पाणी घातलं, कुंडी सावलीत सरकवली, काडी रोवून दांडा सुतळीनं आवळून बांधला. तरी टोक खालीच. नेमके तेव्हाच थोरले दीर रेणापूरहून तुरीची डाळ घेऊन आले. जन्म शेतात गेलेला माणूस. चष्मा न लावताच त्यांनी निकाल दिला, "मर लागलाय ह्याला. हरभऱ्याला लागतो तसला. उपटून फेक, न्हाईतर बाकीच्या कुंड्या बी जातील." आणि बुडाशी हात घातलासुद्धा.

"दादा, हात लावू नका!"

दीर दचकून मागं सरले. थोरल्या भावापुढं ह्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग हेच खाली बघत पुटपुटले, "लेकीच्या गावचं हाय ते."

मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंडीपुढं धरला.

लेक खो खो हसत सुटली. "बाबा, आधी त्या बिचाऱ्याची सुतळी सोडा! ते मेलेलं नाही. ते फुलतंच मान खाली घालून, तीच तर त्याची ओळख. मी इथल्या रानात बघितलंय, इथल्या मेंढपाळाच्या आकड्याच्या काठीसारखं टोक वाकतं. बी धरलं की दांडा आपला आपण ताठ होतो." मग म्हणाली, "आणि बाबा, ते फक्त इकडचं नाही हं. आपल्याकडच्या जंगलातही असतं. दोन्हीकडं जगतं."

"म्हंजे एवढा खटाटोप करून आपलंच आणलंस की रे!" दीर म्हणाले. "मानटाकी म्हण की सरळ." हे हसले. लई दिवसांनी हसले.

सुतळी सोडता सोडता ह्यांनी विचारलं, "अन् तू? तू जगलीस का तिकडं नीट?"

"हाव, बाबा," ती म्हणाली. आणि तिची मान खाली गेली. फोनवर नुसता भांग दिसायला लागला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मघाशी कुंडीकडं बघत होते तसंच. "अगं, ही..."

"घाबरू नका," मी म्हटलं. "तिनंच सांगितलंय ना आत्ता, मान खाली गेली म्हणजे मर लागला असं नसतं. फुलायचे दिवस आहेत तिचे."

दीर पुढं झाले. ह्यांच्या हातातली सुतळी त्यांनी काढून घेतली आणि आपल्या खिशात घातली.

"तिला तेवढी बांधू नको म्हंजे झालं," म्हणाले.