तळाच्या माशांना वेगळं वाढावं लागतं

फोन आला तेव्हा मी काकडीच्या चकत्या उकळत्या पाण्यातून काढत होते. माझा धाकटा भाऊ महादेव सकाळच्या एसटीने पाथरीहून परभणीला गेला होता, मासे ठेवायच्या टाकीत लावायला झाडं आणायला. बसमधून उतरला, स्टँडवरच्या बाकावर बसला... उठला नाही. फोनवरच्या माणसाने दोनदा सांगितलं. मी गॅस बंद केला. चकत्या चाळणीतच राहिल्या.

त्या चकत्या सकर नावाच्या माशासाठी होत्या. महादेवची बायको आधीच गेलेली, मी विधवा. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यावर आम्ही बहीण-भाऊ एका घरात राहायला लागलो आणि त्याने पुढच्या खोलीत काचेची टाकी मांडली. आत वाळू, एक ओंडका, हिरवी झाडं. वर लाल-निळे बारके मासे आणि तळाशी दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले मिशीवाले. अंडंसुद्धा न येणाऱ्या घरात मासे! शेजारची कौशल्या विचारायची, "मामा, कालवण कधी?" हा म्हणायचा, "तुझ्या सासूच्या उपासाला करू."

तळाचे मासे घाण खाऊन जगतात, असं कुणी म्हटलं की मात्र त्याला राग यायचा. "अक्का, वरच्यांच्या उष्ट्यावर कुणाचं पोट भरतं का? त्यांना येगळं वाढावं लागतं." मिशा हलवत वाळू हुंगणाऱ्या कोरी माशांना तळाशी जाणाऱ्या गोळ्या, सकरला चमच्याला अडकवून बुडवलेली काकडी. काकडी उकडायचं काम माझ्याकडे आलं. मला त्या माशांची माया होती असं नाही. काकडी उकडायला माया लागत नाही.

तो गेल्यावर घर माणसांनी भरलं. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भाकरी यायची. आलेल्या बायकांनी, नदीच्या घाटावर टाकतात तसे, टाकीत मुरमुरे टाकले. पुण्याचं काम म्हणून. पाणी गढूळ झालं. दिवसा कधी न दिसणारा सकर भर उजेडात काचेला चिकटून बसला, पोट आत गेलेलं. मी उठले आणि गॅस पेटवला.

"अक्का, येडी झालीस का?" चुलतवहिनी ओरडली. "घरात सुतक हाय!"

"माशाला कसलं सुतक? तुझा दीर मेलाय. माशाचा तर वाढणारा मेलाय."

महादेवची मुलगी रेखा काकडी चिरायला आली. रडत रडत चिरली, चकत्या जाड झाल्या. मी पुन्हा चिरायला लावल्या.

चौदावं झालं, माणसं गेली. रेखा म्हणाली, टाकी दुकानदाराला देऊन टाकू, तू नांदेडला माझ्याकडं चल. "आत्या, बादल्या कशा उचलशील?"

"तांब्या तांब्यानं भरीन."

तशीच भरते. दिवस त्यात जातो. संध्याकाळ जात नाही. टीव्ही लावला तरी बातम्यांवर भांडायला कुणी नाही. दोन दिवस कुणाशी बोलले नाही, हे दूधवाल्याशी बोलताना आवाज फुटेना तेव्हा कळलं.

टाकीच्या दिव्याला महादेवने वेळेची चकती बसवली होती. सकाळी दिवा आपोआप लागायचा, संध्याकाळी विझायचा. वीज गेली की चकती थांबते आणि दिवा तेवढा मागे पडतो. तो रोज ती सारखी करायचा. मी तिला हात लावला नाही. त्याने ठेवली तशी राहू दे, म्हटलं. दिवा दुपारी लागायला लागला, मग दिवस कलताना. आणि रात्रभर जळत राहिला. सकर अंधार पडल्याशिवाय ओंडक्याखालून निघत नाही. सकाळी बघते तर काकडी तशीच. दुसऱ्या दिवशीही तशीच.

आज चष्मा लावून चकती बघितली. कडेला त्याने पेनाने बारीक रेघ मारलेली आहे, रोज सारखी करताना सापडावी म्हणून. घड्याळ बघितलं आणि चकतीवरचा तेवढ्या तासाचा आकडा फिरवून त्या रेघेशी आणला. कट कट आवाज झाला, दिवा लागला. वाळूतले कोरी उठून काचेपाशी आले. पुढे कोण उभं आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. गोळ्यांचा डबा उघडला की कळतं, तेवढंच.

मी डबा उघडला.