मंडालेहून आलेला राखणदार

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला तुरुंग आठवतो. मी रत्नागिरीचा, म्हणून मला राजा आठवतो. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला मंडालेच्या राजवाड्यातून उचललं आणि आमच्या गावात आणून ठेवलं. परत काही नेलं नाही, तो आमच्याकडेच वारला. त्याच्यासाठी बांधलेल्या वाड्याच्या आवारात आम्ही शाळा बुडवून कैऱ्या पाडायचो. त्यामुळे आपल्यावर त्या राजाचं काहीतरी देणं आहे, एकदा त्याचं मूळ घर बघून यायला हवं, असं मी लग्नापासून बायकोला सांगत आलो. ती म्हणायची, "माझ्या माहेरी यायला तुम्हाला सुट्टी मिळत नाही, आणि राजाकडे परतभेट द्यायला निघालात!"

निवृत्त झालो आणि करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात दोघं मंडालेला गेलो. मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये आठ दिवस आधीपासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होतो. कोणी म्हणे बँकॉकला का नाही जात.

आमचा वाटाड्या साठीचा होता. कमरेला लुंगी, पानाने रंगलेले दात आणि तोंडात आपल्यापेक्षा बरी हिंदी. त्याचा पणजा बिहारमधून रेल्वेच्या कामाला तिकडे गेला तो तिकडचाच झाला. त्याने सांगितलं, हा राजवाडा मूळचा इथला नव्हेच. आधीच्या राजधानीतला लाकडी वाडा सुटा करून, खांबन्‌खांब हत्तींवर लादून इथे आणला आणि पुन्हा उभा केला. मी मनात म्हटलं, आम्ही भाईंदरहून मीरा रोडला आलो तेव्हा एका टेम्पोत कपाटाचे दोन पाय मोडले होते. पण हत्तींनी आणलेला तो वाडा महायुद्धात जळाला. आता तिथे आहे ती नंतर बांधलेली प्रत, पत्र्याच्या छपरांची. आत फिरताना आपलीच पावलं आपल्याला ऐकू येतात. भोवती मात्र मैल मैल लांब लाल विटांची तटबंदी आणि पाण्याने भरलेला खंदक, तो जुनाच.

तटाच्या ईशान्य कोपऱ्याशी, भिंतीच्या पायथ्याला वाटाड्या थांबला. पिशवीतून हिरवी डहाळी काढून त्याने जमिनीवर ठेवली. आपल्या जांभळीसारखीच दिसत होती. म्हणाला, शहर वसवलं तेव्हा वेशींखाली आणि कोपऱ्यांत माणसं जिवंत पुरली, ती भुतं होऊन अजून राखण करतात. शिकलेले लोक म्हणतात तसलं काही झालं नाही, तेलाचे रांजण पुरले होते. "पर डाली तो मैं रखता हूँ," तो म्हणाला.

इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आगाऊगिरी केली. आमच्याकडे गावाच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने हात जोडून मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. ते म्हटलं की देवाला पोचलं, पक्कं झालं. मी हात जोडले आणि थेट गावच्या गुरवाच्या सुरात सुरू केलं, "बा महाराजा! राजा तुझा आमच्या गावात येऊन ऱ्हायला. हयसर रिकाम्या वाड्याची राखण कशाक करतंस? आमच्या वांगडा चल, मीरा रोडला आमची बिल्डिंग सांभाळ!"

"व्हय महाराजा!" शेजारून आवाज आला.

बायको. तोंडातून सवयीने निघालं होतं. लगेच तिने तोंडावर हात दाबला.

मी हसलो. वाटाड्याने मला अर्थ विचारला, मी मोठ्या हौसेने हिंदीत समजावला. तो हसला नाही. खंदकाकडे बघत एवढंच म्हणाला, "राजा तो ले ही गए थे, बाबूजी. अब चौकीदार भी?"

मीरा रोडला उतरल्यावर बायको म्हणाली, "तुमचं बोलणं वाऱ्यावर गेलं असतं. तुमचं काय, रोजच जातं. मी व्हय म्हटलं ना."

आमच्या बिल्डिंगचा ईशान्य कोपरा म्हणजे पंपाच्या खोलीमागचा बोळ. तिथे एक छोटं फाटक आहे, त्यातून शेअर रिक्षा गाठायला जवळ पडतं. दुपारी वॉचमन तिथे सावलीत खुर्ची टाकून बसायचा. आम्ही आल्यावर पंधरा दिवसांत तो उठून पुढच्या गेटवर उन्हात बसायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "वहाँ कोई बैठता है, साहब."

"कौन?"

"मालूम नहीं. पर ड्यूटी करता है."

खुर्ची मात्र त्याने तिथेच ठेवली होती. मी सोसायटीचा माजी सेक्रेटरी, भुताखेतांच्या गोष्टींवर हसणारा. एका भर दुपारी मासळीची पिशवी घेऊन मुद्दाम त्या बोळातून गेलो. खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोरून जाताना कोणीतरी उठून उभं राहिलं. दिसलं काहीच नाही. साहेब आला की वॉचमन अदबीने उठतो, ते आपल्याला न बघता कळतं ना, तसं कळलं. त्यानंतर मी पुढच्या गेटने वळसा घालून जातो. कोणी विचारलं तर डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणतो.

वाटाड्या अधूनमधून फोनवर मेसेज टाकायचा. तिकडे लष्कराने सत्ता घेतली, प्रवासी बंद झाले, त्याचा धंदा बसला. तरी शेवटी एक ओळ असायचीच, "हमारा आदमी कैसा है?" मी लिहायचो, "मजे में है. वडापाव खा रहा है." माझा विनोद असा, की समोरच्याच्या जखमेवरही बसतो.

मग तिकडे भूकंप झाला. शुक्रवार होता. टीव्हीवर लाल तट खंदकात कलंडलेला दाखवत होते. बायको मेथी निवडत होती, तिचे हात थांबले. "पहारेकरी जागेवर नव्हता," ती म्हणाली.

"अगं, जमिनीखालचे थर सरकतात—"

"थर सरकू देत. तो माणूस कसा आहे ते विचारा."

मी मेसेज टाकला, "आप ठीक हैं?" एकच खूण उमटली, म्हणजे पोचलाच नाही. फोन लागेना. दिवसातून दहा वेळा मी ती एक खूण बघायचो. वर त्याचा जुना प्रश्न होता, हमारा आदमी कैसा है. त्याखाली माझा वडापाव. पुसून टाकावासा वाटला, पण वाचून झालेलं पुसून काय होणार?

आठव्या दिवशी बायकोने नारळ हातात दिला. "बोलावलं तसं परत पाठवा. तो माणूस जिवंत असेल तर त्याच्या मागे कोणीतरी उभं राहू दे."

भर दुपारी दोघं बोळात गेलो. गेटवरून वॉचमन बघत होता. मी हात जोडले. "बा महाराजा, चूक झाली. आता तू तुझ्या जागेवर..." आणि अडकलो. कुठल्या जागेवर? राजा नाही, वाडा जळला, उरली होती ती भिंतही पाण्यात. जिथून सगळे गेले तिथेच एकट्याने उभा राहा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी बायकोकडे पाहिलं. ती व्हय म्हणाली नाही. तिचे डोळे भरले होते. नारळ तसाच खुर्चीवर ठेवून आम्ही वर आलो.

आणखी चार दिवसांनी वाटाड्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे हातोड्यांचे ठोके. बायको शेजारी येऊन बसली.

"जिंदा हूँ, बाबूजी. टाँग टूटी है." मग त्याने सांगितलं ते मला अजून नीट ऐकवत नाही. आम्ही परत गेल्यापासून दर शुक्रवारी तो त्या कोपऱ्यात डहाळी ठेवत होता. माझ्या नावाने. बाबूजी नादान हैं, माफ कर दो, म्हणून. त्या शुक्रवारीही तो तिथेच वाकलेला होता. जमीन हलली, पाठीमागून कोणीतरी त्याला ढकललं आणि तो होता तिथे विटा कोसळल्या. पायावर थोड्या आल्या. "मुड़ के देखा, कोई नहीं था."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "मग आपल्याकडे कोण आहे?"

आवाज पुढे बोलत होता. "अब मैं जा नहीं सकता. जब तक खड़ा नहीं होता, डाली आप रखिएगा. वहीं, अपने यहाँ. वो समझ लेगा."

"व्हय महाराजा," बायको फोनला म्हणाली. या वेळी तिने तोंडावर हात नेला नाही.

मीरा रोडमध्ये बाकी सगळं मिळतं, जांभळीची डहाळी सोडून. भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावाहून भाजी घेऊन येणारी बाई म्हणाली, "जांभळं न्हाय अजून. नुसता पाला कशाला?" मी म्हटलं, एका पाहुण्यासाठी. आता ती दर शुक्रवारी पालकाच्या जुडीबरोबर एक डहाळी आणते, आणि माझ्याकडे जरा जपून बघते.

वाटाड्याचा पाय अजून धरत नाही. मी दुपारी बोळात जातो, डहाळी खुर्चीवर ठेवतो. समोरून कोणी उठतंय का, हे बघायची माझी छाती होत नाही. मी आधीच खाली वाकतो. त्याने बसूनच राहावं.