मास्तरांनी मिशी का काढली

सांगवीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरांइतका हट्टी शिक्षक सबंध पुणे जिल्ह्यात झाला नाही, आणि शिक्षणखातं सुधारलं नाही तर पुढेही होणार नाही. शाळा देवळात भरायची. एका पोराला पायऱ्या चढता येईनात, तर हे फळ्यासकट सगळी शाळाच खाली चिंचेखाली घेऊन आले. पुजारी कुरकुरला. "देवाला ऐकायचं असेल तर तो येईल की खाली," मास्तर म्हणाले.

वर्गात गवंड्याची शकू होती. लहानपणी तापात तिचं ऐकणं गेलेलं. ओठ बघून ती बोलणं ओळखायची. म्हणून मास्तर फळ्याकडे तोंड करून चकार शब्द काढत नसत. आधी लिहायचे, मग वळायचे, मग बोलायचे. आणि चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून थेट उन्हाकडे बघत, डोळे मिचकावत शिकवायचे. तरी तिला निम्मंच कळे, कारण मास्तरांची मिशी ओठावर छपरासारखी उतरलेली. एका सकाळी त्यांनी ती साफ उतरवली.

आमच्याकडे मिशी काढतात ती बाप गेल्यावर. दुपारपर्यंत अंगण भरलं. "मास्तर, आबा कवा गेलं?" जो तो विचारू लागला. बातमी देहूरोडला पोचली तेव्हा आबा स्वतःच आले. "आरं, मी हाय की अजून. बाप जिता असताना मिशी काढलीस व्हय?"

"आबा, पोरीला माझं बोलणं दिसत नव्हतं."

म्हाताऱ्याने लेकाच्या उघड्या ओठावरून बोट फिरवलं. "मग दाढीबी रोज करत जा," एवढंच म्हणाला.

पुढे शाळा तपासायला साहेब आले, तेही झुपकेदार मिशी घेऊन. शकूला विचारलं, पवना कुठल्या नदीला मिळते? ती नुसती बघत राहिली.

"नाव कमी करा. ही मुक्याबहिऱ्यांची शाळा नव्हे."

स्वराज्यातला साहेब हा! मी कुंपणापाशी उभा होतो, तिथूनच भाषण ठोकणार होतो. पण मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रश्न तुमचाच राहू द्या. तोंड माझं घ्या." त्यांनी उन्हाकडे वळून तोच प्रश्न विचारला. शकूने पाटीवर लिहिलं, मुळा. नाव राहिलं.

आता ती नदीपलीकडच्या वरच्या शाळेत जाते. तिथले गुरुजी फळ्याशी बोलतात. त्याविरुद्ध मी पत्रकं काढतोय आणि काढत राहणार. एकट्या मास्तरांनी मिशी काढून भागावं असलं हे काम नव्हे, ते खात्याचं आहे. मास्तर पत्रक वाचून "छान लिहिलंस" म्हणतात. मग संध्याकाळी शकू ओट्यावर येते आणि ते तिला दिवसभराचा धडा पुन्हा सांगतात, मावळतीकडे तोंड करून. उजेड कमी होत जातो, तसतसे ते आणखी सावकाश बोलतात.