जिजीनं बदलून घेतलेला मुलगा

सव्वा महिना झाला. भर दुपारी प्रकाश दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, जिजी गेली." तिच्या पोटच्या रवीला बारडोलीला एसटीडीवरून निरोप द्यावा लागला, उशाशी होता तो प्रकाश, एकेकाळी रवीच्या जिवावर उठलेला...

जिजी माझी थोरली जाऊ. धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हापासून पर्वत पाटियाजवळच्या चाळीत आमची भिंतीला भिंत. काही वर्षांपूर्वी गणपती विसर्जनात आमच्या वरच्या आणि खालच्या गल्लीची पोरं भिडली. साखळ्या निघाल्या, लूमच्या लोखंडी पट्ट्या निघाल्या. खालच्या गल्लीतल्या शोभाबाईंच्या धाकट्याचा डोळा गेला. मारणाऱ्यांत आमचा रवी होता. पोलिसांनी नेलं, सोडलं. पण रवीच्या लूम कारखान्याची वाट खालच्या गल्लीतूनच जायची. रवी घरात कोंडला गेला. आमच्या पत्र्यावर दगड पडत. शोभाबाईंचा थोरला, हाच प्रकाश, सुरा घेऊन फिरतो असं कानावर येई. पुरुषांनी देवळात बैठका घेतल्या, पोरांना शपथा घातल्या... दगड थांबले नाहीत.

एका सकाळी जिजी मला घेऊन थेट शोभाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. "तुना मोठा पोऱ्या माले दे, मना पोऱ्या तू ले. मंग दगड कोन मारी?"

शोभाबाई विदर्भातल्या. आत डोळ्याला पट्टी बांधून धाकटा झोपला होता. त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "माह्या घरात त्याले जेवू घालू? याच्या समोर?"

"हां. याना समोरच."

रवीनं आईचे पाय धरले. जिजीनं त्याला दंडाला धरून शोभाबाईंकडे नेऊन सोडलं. इकडे जिजीच्या घरी प्रकाश दाराकडे तोंड करून बसायचा, भाकरीला शिवायचा नाही. दगड मात्र त्याच दिवशी बंद झाले. दिवाळीपर्यंतचं ठरलं होतं; होळी आली तरी पोरं परत पाठवायचा धीर दोघींना होईना. "आते कोन्हाले सोडू, वं?" जिजी मला विचारायची.

शेवटी रवी घरी आला, पण टिकला नाही. "रोज त्या पोरासमोर घास गिळला मी. तू मला गहाण टाकलंस," म्हणाला आणि बारडोलीला साखर कारखान्यात निघून गेला. जिजीनं अडवलं नाही. प्रकाश मात्र तिच्याकडे जेवायला येतच राहिला.

तेराव्याला रवी तिच्या स्टोव्हपाशी बसून होता. प्रकाशला म्हणाला, "माझं नाव तरी काढायची का रे?"

प्रकाशनं मान वर केली नाही. "वाढताना मला रवीच म्हणायची. आधी चिडायचो... मग ओ द्यायला लागलो."

आता रवी आठवड्याच्या सुट्टीला येतो. खोलीत कुणी 'रवी' अशी हाक मारली, की दोघंही वळून बघतात.