दुसरी चूल

वडील गेले आणि महिन्याने आई आमच्याकडे राहायला आली. तिचं गाव कोल्हापूर संस्थानात, आमची निपाणी इंग्रजी मुलखात. मध्ये जेमतेम दोन कोस. लढाईमुळे धान्य रेशनवर मिळत होतं, आणि कार्डावर नाव चढायचं तर माणूस इथलाच रहिवासी असल्याची खात्री पटावी लागे. तिकडच्या पाटलाचा दाखला मी आणला होता : या बाई गाव सोडून गेल्या, इथे धान्य उचलत नाहीत.

तरीही कारकून घर बघायला आला. स्वयंपाकघर पाहिलं, मग मागची खोली. तिथे आईची चूल होती.

"मास्तर, दोन चुली म्हणजे दोन घरं," तो म्हणाला. "बाई पाहुण्या दिसतात. चार दिवस राहून जातील, धान्य मात्र इथलं. असं लई चाललंय."

दाराआडून आई म्हणाली, "जाऊ दे रं बाळ, मी जाते गावाकडं."

गावाकडे कुलूप लावलेलं घर होतं, दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या चुलीचं खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती.

ते दारात आलेल्या शेजारच्या काकूंनी सांगितलं. "अवो साहेब, आक्काला दिवस मावळल्यावर जेवाण चालत न्हाय. आन् ह्ये मास्तर शिकवण्या करून येणार, कंदील लागल्यावर ताट घेणार! जैनाच्या घरात! मग म्हातारीनं काय उपाशी ऱ्हायाचं व्हय? म्हून तिची चूल निराळी."

कारकून माझ्याकडे बघून हसला. मी मान खाली घातली. माझी पत्नी दारात उभी होती, ती आत वळली.

त्याने आणखी एक साक्षीदार मागितला. मी बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, उपाध्यांना घेऊन आलो. आई रोज सकाळी दर्शनाला येते, पावसातही चुकली नाही, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी कागदावर अंगठा उठवला, उपाध्यांनी सही केली. कारकुनाने तिथेच कार्डावर आईचं नाव लिहिलं.

तो गेल्यावर आई उंबऱ्यावर बसली. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे ते मी दाखवलं, तर त्यावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली.

"साखर न्हाय मिळाली तरी चालंल," ती म्हणाली. "ऱ्हायाला मिळालं न्हवं?"



आई पुढे तीन वर्षं आमच्याजवळ राहिली आणि इथेच गेली. आता घरात मी आणि पत्नी, आम्ही दोघंच आहोत.