शरणम्मासाठी केलेली पेटी

जळकोटच्या पिठाच्या गिरणीचं इंजन बंद पडलं की सगळं गाव ईरण्णाच्या नावानं हाका मारायचं, आणि चालू झालं की त्याला विसरायचं. त्याचं त्याला काही नव्हतं. पण निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत त्याची बायको शरणम्मा चालता चालता कोसळू लागली, तेव्हा मात्र हा खमक्या मिस्त्री हादरला. सोलापूरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली. मिनिटाला तीस ठोके, मधेच तेही बंद. "यावर औषध नाही," ते म्हणाले.

ईरण्णाला ते पटेना. इंजन ठिणगीवाचून अडतं, मग काळीज कशानं अडत असेल? त्यानं जुन्या इंजनाचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो लाकडी पेटीत बसवला, हँडल जोडलं, दोन तारा बाहेर काढल्या. आधी स्वतःच्या दंडावर लावल्या. दंड टणकन उडाला. गाव फिदीफिदी हसलं. हसणाऱ्यांचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पहिल्या खेपेला तो चुकलाच. शरणम्मा लिंगायत, तिच्या छातीवर चांदीच्या डबीत गळ्यात बांधलेलं इष्टलिंग होतं. ते अंगावेगळं करणं तिच्या लेखी मरणच, म्हणून त्यानं डबी तशीच ठेवून तारा टेकवल्या. वीज चांदीतून गेली नि नुसती कातडी भाजली. ती आपसूक शुद्धीवर आली म्हणून निभावलं. पुढच्या खेपेला त्यानं डबी उचलून तिच्या डाव्या तळहातावर ठेवली, पूजेला बसल्यावर लिंग हातात घेतात तशी, आणि हँडल फिरवलं. छाती हलली. नाडी लागली. ईरण्णा लहान पोरासारखा रडला.

हे त्यानं सोलापूरला जाऊन मोठ्या हौसेनं सांगितलं. डॉक्टर भले, पण स्पष्ट बोलणारे. "अशी माणसं आपोआपही उठतात. पेटीनंच उठली कशावरून? एकदा न फिरवता बघा."

ते त्याच्या मनाला लागून राहिलं. शरणम्मानं ओळखलं.

"आवो, बघा की एकदा. तुमच्या जिवाला तरी कळंल."

"इंजन आसतं तर बघितलं आसतं. तुझ्यावर न्हाय जमायचं मला."

त्यानंतर तीन वर्षं ती कोसळत राहिली आणि तो हँडल फिरवत राहिला. पेटी खरंच चालते का, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.