लाली ठरवणारी मेरिन

ऑब्री ग्रिग्सच्या सफरचंदांच्या शेडमध्ये देवाचं, हवामानखात्याचं आणि खुद्द ऑब्रीचंही फारसं चालत नसे. चाले ते मेरिन डकेटचं. एकोणीस हंगाम ती फळं वाहून आणणाऱ्या पट्ट्याच्या टोकाशी कॉम्प्युटरसमोर बसत आली होती. यंत्राचा कॅमेरा प्रत्येक फळाचा फोटो काढी, सहज कळणाऱ्या फळांचा निकाल आपणच लावी आणि ज्यांच्या लालीबद्दल त्याला शंका येई ती मेरिनच्या पडद्यावर पाठवी. मेरिननं एक दाबलं की फळ जहाजानं परदेशी, दोन दाबलं की जवळच्या होबार्ट शहराच्या बाजारात, तीन दाबलं की रसाच्या पेटाऱ्यात. वशिला चालत नसे. सख्ख्या दिराची अख्खी ट्रॉली तिनं एकदा रसाला लावली आणि ख्रिसमसला त्याच्याच घरी जाऊन, त्यानंच भाजलेलं कोकरू दोनदा मागून खाल्लं. दीर बिचारा वाढत राहिला. करतो काय, पुढच्या वर्षीही फळ तिच्याच पडद्यावर यायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी होबार्टच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दुखण्याला नाव दिलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची फौज शत्रू सोडून घरच्याच तारांची आवरणं कुरतडत बसते, असं काहीसं त्या म्हणाल्या. आपल्या बेटावर हा आजार जरा जास्तच आढळतो, हेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे इथलाच माल," मेरिन म्हणाली. "चला, बाहेरून नाही मागवावा लागला."

शेडमध्ये तिनं हा विनोद सगळ्यांना ऐकवला आणि सगळे हसले. त्या खोऱ्यात दुखण्यावर बोलायची तेवढीच रीत आहे. एकदा हसायचं, आणि मग कोणी तरी दारात गुपचूप शिंपल्यांचं सारण भरलेली खारी पेस्ट्री ठेवून जायचं.

डाव्या डोळ्यापुढे कोणी तूप फासल्यासारखं दिसे, आणि दोन्ही उघडे ठेवले की एकाची दोन फळं. म्हणून चष्म्याच्या डाव्या काचेला तिनं खोक्यांची चिकटपट्टी लावली. पडद्यावरचं चित्र एवढं मोठं केलं की एका वेळी दीड सफरचंद मावे. ऊब तर तिला वैरीण झाली. गरम पाण्यानं अंघोळ केली की तासभर जग धुक्यात जाई. आणि पहिल्याच थंडीत रोवीनानं, म्हणजे पेट्या मोजणाऱ्या तिच्या तीस वर्षांच्या मैत्रिणीनं, मायेनं तिच्या पायाशी हीटर आणून ठेवला. दुपारपर्यंत मेरिनला पडद्याच्या जागी नुसता उजेड दिसू लागला. खरं कारण कळल्यावर सगळ्यांनी हीटर हलवून पंखा आणला. तिकडे थंडी सुरू होते त्या मे महिन्यात, बाहेर गवतावर हिम पडलेलं असताना, शेडमध्ये पंखा. बाकीची माणसं दोन-दोन कोट घालून काम करत आणि तिला शिव्या देत.

"हिला बर्फाच्या पेटीतच बसवा," ऑब्री म्हणे. "रसाबरोबर तीही टिकेल."

इथवर सगळ्यांना ठाऊक होतं. लाल रंग गेल्याचं मात्र तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एकदा लाल बूच दाखवून एकेका डोळ्यानं बघायला लावलं, तेव्हा उजव्या डोळ्यानं ते लाल होतं आणि डाव्यानं पाणचट चहाच्या रंगाचं. गेल्या हिवाळ्यात उजव्यानंही चहाच पत्करला. लाली ठरवण्यासाठी पगार घेणाऱ्या बाईला लालच दिसेना. ती उजळ-गडद बघून अंदाज बांधू लागली. संध्याकाळी घरी तिचं डोकं ठणके, आणि शेडमध्ये तयार फळ रसात जाई. बागायतदार कुरकुरले, ऑब्रीकडे जाऊन आले. मेरिनचा हात जरा कडक झालाय, एवढंच ऑब्री त्यांना म्हणाला.

ईस्टरनंतर कुरकुर थांबली. दीरसुद्धा भेटून म्हणाला, यंदा बरोबर चाललंय हं तुझं. मेरिनला वाटलं, जमलं. लाल न बघता लाल ओळखायला आपण शिकलो. त्या रात्री ती दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपली.

मग मेमधला तो मंगळवार. पडद्यावर एक फळ आलं, त्याला बाजूनं असा फुगवटा की हुबेहूब ऑब्रीचं नाक. मेरिन हसली आणि हसता हसता तिच्या बोटानं तीनऐवजी एक दाबलं. परदेशातल्या कोण्या भल्या माणसाला ऑब्रीचं नाक खावं लागू नये म्हणून ती उठली, भिंतीला धरून पहिल्या प्रतीच्या खोक्यांपाशी गेली. बोटांनी एकेक फळ चाचपलं. नाक नव्हतं. ते सापडलं रसाच्या पेटाऱ्यात, अगदी वर.

तिनं ते हातात धरलं. मग जागेवर येऊन पुढच्या तीस फळांना, न बघता, तीन दाबलं. परत जाऊन पेटाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. पेटारा होता तेवढाच भरलेला होता.

वाटेत, रोवीना पेट्या मोजायची त्या खोलीच्या दाराला अर्धी काच होती. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं तेव्हा आत निळसर उजेडात तिला दोन रोवीना दिसल्या. दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, दोघींच्या डाव्या हातात बिस्किट, आणि दोघी उजव्या हातानं बटणं दाबत होत्या. मेरिननं डावा डोळा मिटला तेव्हा एकच उरली. समोरच्या पडद्यावरून सरकणाऱ्या फळांचा निकाल लावणारी.

ती परत येऊन बसली. पडद्यावरून राखेच्या रंगाची सफरचंदं जात राहिली. मधल्या चहाला ऑब्रीनं तिच्यापुढे लोणी लावलेला स्कोन, तो गोडसर छोटा पाव, ठेवला आणि छपराकडे बघत विचारलं, बरी आहेस ना. ती बरी आहे म्हणाली. या माणसांवर ओरडावं तर कशासाठी? त्यांनी तिला काढून टाकलं नव्हतं. खुर्ची होती, पंखा होता, पगार होता. फक्त निकाल तिचा उरला नव्हता, आणि ते तिला कळू नये म्हणून ईस्टरपासूनचे सहा आठवडे ती माणसं थंडीनं कुडकुडत होती.

संध्याकाळी रोवीनानं नेहमीसारखं तिला गाडीतून घरी सोडलं. मेरिनची गाडी केव्हाच विकली होती. नदीकाठच्या रस्त्यानं रोवीना शेजाऱ्याच्या बकऱ्यांबद्दल बोलत होती, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बोलत होती. पुलापाशी मेरिननं तिला मध्येच थांबवलं.

"रोवी, आज मी किती फळं रसाला लावली गं?"

गाडी किंचित हळू झाली.

"मोजली नाहीत बाई," रोवीना म्हणाली. "तीनशेक असतील. आज फार कडक होतीस तू."

शून्याचे रोवीनानं खुशाल तीनशे केले होते. मेरिननं तिच्याकडे बघितलं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात इतक्या जवळूनही चेहऱ्याच्या जागी फिकट डाग होता, त्यामुळे तो लाजला होता की रडवेला झाला होता, हे कळायला मार्ग नव्हता.

"उद्या जरा सैल सोडते मग," मेरिन म्हणाली.

"सोड," रोवीना म्हणाली, आणि पुन्हा बकऱ्यांकडे वळली.